तीन नंबरची जोडी

बाईंच्या घरात 'छान' हा शब्द चालत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी वांग्याची भाजी केली. त्यांनी खाल्ली आणि मी विचारलं, छान झालीय का. त्या म्हणाल्या, "छान म्हणजे किती?" मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. "मावशी, मीठ दहापैकी सात पाहिजे, तुम्ही पाच टाकून राहिल्या. तिखट आठ आहे, ते बरोबर. वांगं मधे कच्चं आहे." एवढं बोलून त्यांनी परत वाढून घेतली. मी मनात म्हटलं, बाई विचित्र आहे. चार हिवाळे मी त्यांच्याकडं काढले. विचित्र होत्याच, त्यात बदल झाला नाही. फक्त विचित्र असणं वाईट असतं असं मला आधी वाटायचं, ते गेलं.

कॅलगरीत आम्ही त्यांचं बेसमेंट भाड्यानं घेतलं होतं. मी, मुलगा आणि सून. पहिल्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा मी आमच्या गावाकडची रीत म्हणून विचारलं, आडनाव काय तुमचं. आमच्याकडं आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. बाई म्हणाल्या, "भाड्याच्या कागदावर आहे, वाचून घ्या." चौथी पास बाईला इंग्रजी कागद दाखवतात, म्हणून मला राग आला. नंतर एकदा त्या फोनवर कुणालातरी जयभीम म्हणाल्या, तेव्हा मला कळलं आणि मी का विचारलं होतं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं हेही कळलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. मी परत कुणाला जिन्यात आडनाव विचारलं नाही, एवढंच.

दोन वर्षांनी मुलाला ब्रॅम्पटनला ट्रकच्या कंपनीत जागा मिळाली. मी म्हटलं, मी नाही येत, तुम्ही दोघं आधी बस्तान बसवा. बाई म्हणाल्या, "मावशी राहतील खाली. स्वयंपाक त्यांचा, किराणा माझा." मुलगा म्हणाला, आई, तुला करमेल का? मी म्हटलं, करमायला मी काही सहलीला आलेली नाही.

बाई मूळच्या नागपूरच्या. लग्न केलेलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "वेळ नव्हता." इथं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं लोकांचं रक्त तपासून रिटायर झालेल्या. आणि रिटायर झाल्यावर बायका भजनाला जातात, नातवंडं बघतात, तसं यांनी स्की तपासायचं काम धरलं होतं.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब फळ्या, त्यावरून बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली यायचं. बाई एक्केचाळिसाव्या वर्षी शिकल्या. लॅबमधल्या लोकांनी एकदा नेलं, त्या दिवसभर पडल्या आणि लोक दिवसभर हसले. दुसऱ्या आठवड्यात त्या एकट्या गेल्या. तो सगळा हिवाळा पडत होत्या. "किती वेळा पडले ते लिहून ठेवलं आहे," म्हणाल्या. मला वाटलं बोलायची पद्धत. नाही, वही होती. पडण्याची वही. डाव्या बाजूला किती, उजव्या बाजूला किती. डाव्या बाजूला जास्त, म्हणून त्यांनी डावा पाय वेगळा शिकवला.

आमच्या भागात एका सरदारजींचं स्कीचं दुकान होतं. दर हिवाळ्यात नव्या स्की यायच्या आणि कोणत्या घ्यायच्या हे त्यांना बाई सांगायच्या. बाईंनी तपासून लिहिलेला कागद ते दुकानात भिंतीवर चिकटवायचे. गोरी पोरं यायची, भिंतीपाशी उभी राहून वाचायची, मग विकत घ्यायची. "दीदी ने क्या बोला?" असं तिथलं एक चिनी गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, सरदारजींकडून शिकून.

तपासायची त्यांची रीत अशी. नव्या स्की आल्या की आधी माझ्या हातात. मी वरच्या बाजूला तपकिरी टेप चिकटवून कंपनीचं नाव झाकायचं आणि टेपवर नंबर घालायचा. आकडे मला येतात. डोंगरावर गेल्यावर मी खाली ताडपत्रीवर त्या नंबरानं मांडायच्या. बाईंनी त्या उलटून बघायच्या नाहीत, कारण तळाला नाव मोठ्या अक्षरात असतं आणि तळावर टेप लावता येत नाही. पायात घालायच्या, तीन खेपा मारायच्या, वहीत लिहायचं. दोन जोड्यांच्या मधे आपल्या जुन्या निळ्या स्कीवर एक खेप मारून यायच्या. त्या निळ्या जोडीला त्या कंट्रोल म्हणायच्या. "तोंड धुवायला लागतं ना मावशी, गोड खाल्ल्यावर चहा फिका लागतो."

खायचंही ठरलेलं. त्या दिवशी सकाळी दोन पोळ्या आणि एक अंडं. तिसरी पोळी मी आग्रहानं वाढली तर ओरडल्या, "माझं वजन वाढवून राहिल्या तुम्ही!" मोजे तेच, बूट तेच, टोपीसुद्धा तीच.

नाव कशाला झाकायचं, असं मी एकदा विचारलं. आम्ही गाडीत होतो, रस्ता लांबचा होता. म्हणाल्या, "शाळेत एक मास्तर होते. पेपरवर आडनाव वाचायचे, मग मार्क द्यायचे. मी एकदा मैत्रिणीशी पेपर बदलला. तिचं नाव माझ्या पेपरवर, माझं तिच्या. तिला बहात्तर आले, मला एक्केचाळीस, नेहमीइतकेच." मी म्हटलं, मग सांगितलं का कुणाला? "सांगितलं. मार खाल्ला दोघींनी." आणि मग ट्रक पुढं चालला होता त्याला शिव्या देऊ लागल्या, इंग्रजीत.

स्की दोन जातीच्या असतात, निदान बाईंच्या कामापुरत्या. एक पार्कची. डोंगरावर एका बाजूला उतार, कठडे, लोखंडी नळ्या लावून ठेवलेल्या असतात, त्यावरून पोरं उड्या मारतात, उलटी फिरतात. त्या स्कीची दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे पाठमोरं पण घसरता येतं. दुसरी पावडरची. ताजा, गुडघाभर भुसभुशीत बर्फ पडला की त्यात बुडू नये म्हणून रुंद. "एक नाचायची, एक पोहायची," बाई म्हणायच्या.

पासष्ट वर्षांची बाई पार्कात गेली की पोरं थांबून बघायची. बाई पाठमोऱ्या यायच्या, मान वळवून, एका कठड्यावरून वीतभर उडायच्या आणि उतरायच्या. वीतभरच. एकदा एक पोरगा हसला. बाई त्याच्यापाशी जाऊन थांबल्या. तो म्हणाला, एवढ्याशा उडीनं स्कीचं काय कळणार? बाईंनी त्याला त्याच्याच स्कीबद्दल विचारलं, डाव्या स्कीची आतली धार बोथट आहे, माहीत आहे का? त्यानं वाकून बोट फिरवलं. नव्हतं माहीत. बाईंनी ते त्याच्या उतरण्याच्या आवाजावरून ओळखलं होतं. तो पोरगा नंतर दुकानात कागद वाचायला यायला लागला.

माणसांशी मात्र त्यांचं फार जमत नसे. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला एका बाईनं स्वतः केलेल्या चकल्या दिल्या, कशा झाल्यात विचारलं. बाईंनी खरं सांगितलं. त्या बाईनं परत कधी बोलावलं नाही. मी म्हटलं, तोंडदेखलं बोलायला काय जातं? म्हणाल्या, "त्यांनी विचारलं काऊन मग?" 

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, झिजलाय, ऑपरेशन करू, फेब्रुवारीची तारीख घ्या, तोवर सांभाळा. बाईंनी विचारलं, सांभाळा म्हणजे किती खेपा? डॉक्टर म्हणाले, शून्य बरं. बाई घरी येऊन म्हणाल्या, "शून्य बरं म्हणाले. शून्यच पाहिजे असं नाही म्हणाले."

त्या वर्षी पाच जोड्या आल्या. दोन पार्कच्या, दोन पावडरच्या, आणि एक दोन्हीकडे चालते असं म्हणणारी. ही पाचवी कुठल्या कंपनीची नव्हती. डोंगरातल्या एका गावात एक बाई बापाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये स्वतः स्की बनवत होती. चाळिशीची, उंच, डाव्या हाताचं एक बोट करवतीनं अर्धं गेलेलं. मी तिला सुतारीण म्हणायची. बाई घरी नव्हत्या तेव्हा ती जोडी घेऊन आली, म्हणजे मुद्दाम त्याच वेळी आली, बाईंचा नियम तिला माहीत होता. उघड्या पिकअप ट्रकमधून आणलेली, वर पोतं टाकून. मी तिला आल्याचा चहा दिला. ती दोन कप प्यायली. तिचं इंग्रजी मला निम्मं कळलं, पण एवढं कळलं की सरदारजींनी बाईंच्या कागदावर सोडलंय. बाई हो म्हणाल्या तर ते बारा जोड्या घेणार, नाही म्हणाल्या तर ती शेड बंद करून कुणाच्या तरी किचनची कपाटं करायला जाणार. कपाटं म्हणताना तिनं असं तोंड केलं की मी हसले.

मी त्या जोडीला तीन नंबर दिला.

दोन दिवसांनी बघते तर गॅरेजमध्ये तीन नंबरच्या कडेच्या लोखंडी धारांना तांबूस गंज. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, उघड्या गाडीत ते खारं पाणी उडालं असणार. बाकीच्या चार खोक्यातून आलेल्या, त्या चकचकीत. मला वाईट वाटलं. बिचारीची जोडी गंजकी दिसायची. विळीला गंज चढू नये म्हणून आम्ही तेलाचा हात फिरवतो, जन्मभर फिरवत आले. मी डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली घेतली, गंज घासून काढला, फडक्यानं दोन्ही बाजूंना तेल पुसलं. थोडं तळावर गेलं, तेही पसरवून टाकलं. म्हटलं, घसरायचीच फळी आहे, तेलानं बरीच घसरेल. बाईंना सांगितलं नाही. कुठल्या जोडीला काय झालं हे त्यांना सांगायचं नसतं, नियमच होता.

दोन दिवस तपासणी झाली. एक दिवस पार्क, एक दिवस पावडर. मी खाली खुर्चीवर कांबळं घेऊन बसले होते. तीन नंबर घालून बाई आल्या की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसल्या. वही मराठीत असायची, डोंगरावर कुणी डोकावलं तर कळू नये म्हणून. मी चपात्या लाटता लाटता वाचलं. तीन नंबर. तळ बर्फ धरतो. धार निसटते. दोन्हीकडे चालते हे खरं नाही, कुठेच चालत नाही. घेऊ नये.

मी गॅरेजमध्ये गेले टेप काढायला. तीन नंबर उलटी केली. तळावर पांढरा थर, गार झालेल्या रश्श्यावर येतो तसा, आणि त्यात बर्फाची घाण रुतलेली. खोबरेल थंडीत गोठतं हे मला सत्तर वर्षं माहीत आहे. आमच्या घरात हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवायचो. तरी ते हात फिरवताना माझ्या डोक्यात आलं नाही.

मी गरम पाण्याच्या फडक्यानं ते पुसून काढलं आणि गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले. ते झाकून ठेवत नाही. घर गेलं तर ब्रॅम्पटनला सुनेच्या दाराशी पेटी घेऊन उभं राहायचं, हे डोळ्यापुढं होतं. शनिवारी कागद दुकानात लागला.

रविवारी सकाळी सुतारीण जोडी न्यायला आली. बाईंनी तिला आत बसवलं. ती भांडली नाही. कागद वाचून आली होती. स्की मांडीवर घेऊन तिनं अर्ध्या बोटानं तळ चाचपला आणि एवढंच विचारलं, बर्फ ओला होता का त्या दिवशी? बाई म्हणाल्या, नाही, कोरडा होता. ती म्हणाली, मग मला समजत नाही. आणि परत चाचपायला लागली, स्वतःच्या आजारी पोराचं पोट दाबून बघावं तसं.

मी म्हटलं, "बाई, तेल मी लावलं."

"कसलं तेल?"

"खोबरेल. धारेला गंज होता म्हणून. तळाला पण लागलं."

 बाईंनी आधी सुतारणीकडं वळून माझं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एका शब्दालाही थांबल्या नाहीत, मला आधी आत घेऊन विचारलं नाही. सुतारणीनं डोळे मिटले. मग बाईंनी वही घेतली.

"किती तेल?"

"दोन चमचे असेल."

"दोन्ही फळ्यांना?"

"दोन्ही."

"तपासणीच्या आधी किती दिवस?"

"आदल्या दिवशी."

सगळं लिहिलं. मग म्हणाल्या, "दोन दिवस काऊन नाही बोलल्या?"

"घर जाईल म्हणून."

"घराचा काय संबंध?" त्या खरंच गोंधळल्या होत्या. "घर वेगळं, स्की वेगळी. बाप्पा, काहीही जोडून राहिल्या तुम्ही."

तशाच कोट घालून दुकानात गेल्या, मला घेऊन. भिंतीवरचा कागद काढला. सरदारजी काउंटरच्या मागून धावत आले. "दीदी, चुपचाप नया काग़ज़ लगा दो ना. कौन पूछेगा? ग़लती लिख दोगी तो पुराने सब काग़ज़ों पर लोग शक करेंगे."

"करने दो," बाई म्हणाल्या. "करना चाहिए."

तिथंच उभं राहून त्यांनी नवा कागद लिहिला. मला घरी आल्यावर मराठीत सांगितला. तीन नंबरचा निकाल चुकीचा होता. तळाला तेल होतं. मी तळ बघत नाही, हा माझ्या पद्धतीतला दोष आहे. पाचही जोड्या परत तपासेन. मी म्हटलं, माझं नाव का नाही घातलं? तेल मी लावलं. "तुमचं नाव वाचून त्यांना काय कळणार? ते तुम्हाला ओळखत नाहीत." मला ते आवडलं नाही. चूक माझी होती आणि मला त्यात कुठं जागा नव्हती.

पाचही कशाला, तीन नंबरच करा, गुडघा बघा तुमचा, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "एकीलाच दुसरी संधी दिली तर तो बाकीच्या चौघींवर अन्याय ना." गुडघा त्यांनी मोजून ठेवला होता. शिंप्याच्या टेपनं. रोज सकाळी.

ताजा बर्फ पडायला आठ दिवस गेले. ऑपरेशनला दोन आठवडे राहिले होते. तीन नंबर कुणाची हे आता बाईंना माहीत होतं, तेही त्यांनी वहीत आधीच लिहून टाकलं. या वेळी नवा नियम होता. प्रत्येक खेपेआधी मी स्कीचा तळ पांढऱ्या फडक्यानं पुसायचा आणि स्की नाही, फडकं बाईंना दाखवायचं. फडकं स्वच्छ असेल तरच त्या पाय घालणार. मी इतकं घासत होते की बाजूचा एक माणूस विचारायला लागला, हे तळाला लावायचं काही विशेष मेण आहे का.

पहिला दिवस पार्कचा. तीन नंबर घालून बाई पाठमोऱ्या आल्या, वीतभर उडाल्या, उतरल्या आणि थांबल्या नाहीत, सरळ खालपर्यंत आल्या. तोंडावर काही दिसलं नाही, पण वहीत लिहिताना पेन्सिल भरभर चालली.

दुसऱ्या दिवशी खोल बर्फ. सकाळपासून त्या उजवा पाय उचलून ठेवत होत्या. मी म्हटलं, पुरे. त्या म्हणाल्या, "आठ झाल्या, एक राहिली." ती तीन नंबरची तिसरी खेप होती. वरून निघाल्या ते मला दिसलं. मधे एका वळणावर त्यांचा गुडघा आत गेला, आणि बाई बर्फात बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. माणूस दमून ओट्यावर बसतो तसं. उठल्या मात्र नाहीत.

मी चढत गेले. माझ्या त्या वयात, त्या बर्फात, कमरेएवढ्यात. माझ्या आधी लाल जाकिटातला मदतीचा माणूस ढकलगाडीसारखी घसरगाडी घेऊन पोचला होता. तो गुडघे टेकून विचारत होता, एक ते दहामध्ये किती दुखतंय? बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, ओठावर घाम. त्या त्याला म्हणत होत्या, "आधी दहा म्हणजे काय ते सांग. कशाशी तुलना करू?" तो बिचारा माझ्याकडं बघायला लागला.

"मावशी, वही," बाई म्हणाल्या. "लिहा."

मी म्हटलं, आधी गाडीत बसा. त्या म्हणाल्या, लिहा. मी हातमोजा काढला आणि लिहिलं. त्या वहीत माझं अक्षर तेवढं एकदाच आहे, मोठं मोठं, रेघ सोडून गेलेलं. तीन नंबर. तिसरी खेप अर्धी. पडले. दोष स्कीचा नाही, गुडघ्याचा.

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. मग त्या गाडीत आडव्या झाल्या.

दुकानातला शेवटचा कागद त्यांनी हॉस्पिटलच्या कॉटवरून फोनवर सांगितला. तीन नंबर, पार्कात तपासलेल्या तिन्हींत पहिली. सुतारीण समोर बसून होती, ती उभी राहिली. पावडरसाठी, दोनच खेपा पूर्ण, पुढचं टोक बुडतं असं वाटलं, पण दोन खेपांवर सांगता येत नाही. अपुरं. तिसऱ्या खेपेत तपासणारी जखमी झाली, दोष स्कीचा नाही.

फोनवर सरदारजींचा आवाज मला लांबून ऐकू येत होता. "दीदी, आख़िरी लाइन छोड़ दो. टाँग टूटी पढ़ के कौन ख़रीदेगा?"

बाईंनी ते सुतारणीला इंग्रजीत सांगितलं. तिला तेवढंच हवं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिनं ते मागितलं नाही. बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, हे खरं आहे ना? तिनं अर्ध्या बोटानं कॉटची कड चाचपली. मग म्हणाली, हो, खरं आहे, राहू दे. ती ओळ राहिली. सरदारजींनी बारा जोड्या घेतल्या, फक्त पार्कसाठी म्हणून. त्यातल्या किती खपल्या मला माहीत नाही. शेड मात्र बंद झाली नाही, कारण पुढच्या शरदात तिनं टोक रुंद केलेली नवी जोडी आणून दाखवली होती. ती जोडी तपासायला बाई गेल्या नाहीत. गुडघा बदलला होता, चालता येत होतं, जिना उतरता येत होता. पण त्या म्हणाल्या, नवा गुडघा लोखंडाचा आहे, त्याला खालचं काही कळत नाही, त्याच्या भरवशावर मी कुणाबद्दल लिहिणार नाही. दोन शहाण्या पोरींची नावं त्यांनी सुतारणीला दिली. त्यानंतर त्या स्कीवर चढल्या नाहीत.

मी ब्रॅम्पटनला यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. मी म्हटलं, "बाई, माझ्या तेलामुळं तुमचा गुडघा गेला."

"कशावरून?"

"तेल लावलं नसतं तर परत जावं लागलं नसतं. तुम्ही परत गेला नसता तर पडला नसता."

त्यांनी विचार केला. मला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच केला. कपातला चहा गार होईपर्यंत.

"गुडघा आधीच झिजलेला होता. पहिल्या तपासणीत गेला असता, बाथरूममध्ये गेला असता. तुम्ही तेल न लावता मला परत तिथं पाठवायचं आणि बघायचं, असं तर होत नाही ना आता. एकदाच घडलं. एकदा घडलेल्यावर मी निकाल देत नाही."

"मग दोष कुणाचा?"

"माहीत नाही, असं लिहा. तसं लिहायला काही लाज नाही."

मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. गुडघा माझ्यामुळंच गेला. पण बाईंच्या पुढं तसं म्हणायचं तर पुरावा लागतो, आणि तो माझ्याकडं नाही.